‘टेक फाइव्ह’च्या पाच मात्रा म्हणजे अर्धा झपताल का? जो मोरेलोच्या ड्रमवादनाबद्दल प्रश्न

पाटावरचा डग्गा (धागाकर्ता):

ड्रमसेटवर डेव्ह ब्रुबेक क्वार्टेट या अमेरिकन जॅझ चौकडीचं (पियानोवर स्वतः ब्रुबेक) ‘टेक फाइव्ह’ बसवायचा प्रयत्न चालू आहे. हात तबल्याचा, ड्रमची ओळख नवी. पाच मात्रा म्हणजे अर्धा झपताल असं धरून, ‘धी ना । धी धी ना’ मनात म्हणत राईडवर (काडीने ठेका धरायची मोठी झांज) वाजवायला घेतलं. एकट्याने वाजवताना सगळं जागेवर असतं. रेकॉर्ड लावली की पियानो एकीकडे आणि हात दुसरीकडे. पाच मात्रा नेमक्या भरतात, तरी सम सापडत नाही. चुकतंय कुठे?

दुसरं म्हणजे या चौकडीचा ड्रमर जो मोरेलो याच्या सोलोत आघातांपेक्षा रिकामी जागाच जास्त ऐकू येते. एवढ्या जागेत तो लय कशाच्या आधारावर धरतो? त्याच्याविषयी मराठीत फारसं काही सापडत नाही. कुणाकडे शिकला, नजर अधू होती म्हणतात ते खरं का, भारतात कधी आला होता का, हेही कुणी लिहिलं तर बरं होईल.

सेट साधा आहे: बास (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर, एक टॉम, एक फ्लोअर टॉम, राईड, हाय-हॅट (पायाने मिटवायची झांजांची जोडी). इमारतीत रात्री वाजवायची सोय नाही, त्यामुळे रबरी पॅडवर काय करावं तेही सांगा.


खालीभरी:

तुमची सम हरवलेली नाही, ती चौथ्या मात्रेवर जाऊन बसली आहे.

झपताल २+३+२+३. ‘टेक फाइव्ह’ ३+२. पियानोचा जो तुकडा सुरुवातीपासून फिरत राहतो त्यात दोनच स्वरसंगती आहेत. १ ते ३ मात्रांवर ई-फ्लॅट मायनर, ४ आणि ५ वर बी-फ्लॅट मायनर सेव्हन. म्हणजे कूस बदलते ती चौथ्या मात्रेवर. झपतालात मुरलेला कान आधी दोनाचा विभाग शोधतो. तो त्याला ४-५ वर मिळतो, आणि कान तिथेच ‘धी ना’ म्हणून मोकळा होतो. मग पुढच्या १-२-३ ला ‘धी धी ना’ आपोआप लागू पडतं. बेरीज पाचच होते, म्हणून मोजताना चूक दिसत नाही.

उपाय अगदी साधा. रेकॉर्ड लावून काही वाजवू नका, फक्त हाताने दाखवा: १ वर टाळी, ४ वर टाळी, बाकी मात्रा बोटांवर. पियानोतला खालचा स्वर कुठे बदलतो ते ऐका आणि तो बदल दुसऱ्या टाळीवर पडतोय ना ते तपासा. निदान पन्नास बार (पाच मात्रांचा एक फेरा म्हणजे एक बार) असं झाल्याशिवाय काडीला हात लावू नका.

आणखी एक फरक. झपतालात सहाव्या मात्रेवर खाली (वजन काढून घेतलेली मात्रा) आहे, त्यामुळे दहा मात्रांना एक उतार आणि एक चढ मिळतो. इथे खाली-भरी नाही. प्रत्येक पाच मात्रांचा बार सारख्याच वजनाचा. मोठा आकार हवा तर तो रचनेत आहे: मुख्य चाल ८ बार, मधला भाग ८ बार, पुन्हा मुख्य चाल ८ बार. एकूण २४ बार, १२० मात्रा, आपल्या हिशेबाने झपतालाची बारा आवर्तनं. मधल्या ८ बारांत पियानो तो फिरता तुकडा सोडतो. नवखा वाजवणारा हमखास तिथेच घसरतो, कारण आधाराची काठी काढून घेतलेली असते.

तुमच्या ‘रिकाम्या जागे’चं उत्तरही त्याच तुकड्यात आहे. ड्रम सोलोच्या वेळी बाकीचे वादक गप्प बसतात आणि ड्रमर एकटा खिंड लढवतो, ही जॅझमधली नेहमीची रीत. इथे मात्र ब्रुबेक पियानोवर तो तुकडा वाजवतच राहतो. याला आपल्याकडे काय म्हणतात ते तबलजीला सांगायला नको: लहरा. लहरा चालू असताना तबलजी दोन मात्रा हात उचलून धरू शकतो, कारण सम दुसरा कुणीतरी सांभाळतोय. मोरेलो तेच करतो. लांब जागा सोडतो, मग फ्लोअर टॉम आणि बासवर एक छोटं वाक्य टाकतो, पुन्हा थांबतो.


राईडवाला:

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त ऐकताना एक काळजी घ्या. रेडिओवर आणि जुन्या छोट्या तबकडीवर जी आवृत्ती असते ती जेमतेम तीन मिनिटांची आहे, सोलोला कात्री लावलेली. अल्बमवरची ५ मिनिटं २४ सेकंदांची घ्या.

आता ठेका. खाली देतोय तो सरावाचा सांगाडा आहे, रेकॉर्डवरच्या प्रत्येक आघाताची नक्कल नव्हे. नक्कल नंतर.

राईडवर उजवा हात: १, २-आणि, ३, ४, ५-आणि. तोंडाने ‘टिंग, टिंग-ग, टिंग, टिंग, टिंग-ग’. आधी तिनाचा जॅझ वॉल्ट्झ, त्याला दोनाची शेपटी. ‘आणि’चा आघात मात्रेच्या बरोबर मध्यावर पडत नाही. मात्रेचे तीन भाग केले तर तिसऱ्या भागावर, म्हणजे तिस्र जातीसारखा. मात्र हे संथ लयीपुरतं. रेकॉर्डची लय मिनिटाला साधारण १७० ते १७५ मात्रांची आहे आणि त्या वेगाला हा झोका आपोआप उथळ होतो. त्या वेगात तिसऱ्या भागाचा हट्ट धरलात तर वाजवणं लंगडल्यासारखं ऐकू येतं.

डावा पाय, हाय-हॅट: २ आणि ५.
उजवा पाय, बास: १ आणि ४, पण अगदी हलका. पेडलचा दांडा कातड्यापासून दोन-तीन सेंटिमीटरच मागे जाऊ द्या. समोर बसलेल्याला वेगळा ऐकू येता कामा नये, नसला तर मात्र काहीतरी गेलं असं वाटलं पाहिजे.
डावा हात, स्नेअर: सुरुवातीला काहीच नाही. बाकीचे तिन्ही जमेपर्यंत तो मांडीवर ठेवा.

क्रम असा. मेट्रोनोम ८० वर. फक्त राईड, २० बार. मग बास जोडा, २० बार. मग हाय-हॅट. तिन्ही जमले की डाव्या हाताने फक्त ४ वर स्नेअरच्या किनारीवर आडवी काडी. पाच मिनिटं न चुकता झालं तर ८८, मग ९६, असं आठ-आठने चढा. १२० ला बहुतेकांचा उजवा खांदा वर चढतो. तिथे चढणं थांबवून दोन-तीन दिवस १०० वर राहा. हात कडक झाला की ‘टिंग-ग’मधला ‘ग’ मोठा होतो, आणि तो मोठा झाला की लय पळते. कारण आणि परिणाम याच क्रमाने येतात, म्हणून लय ओढून धरण्यापेक्षा ‘ग’ लहान करा.

नेहमीची चूक: पाचव्या मात्रेनंतर एक श्वास जास्त घेतला जातो आणि सहावी मात्रा घुसते. तीन झाले की हाताला आणखी तीनच हवे असतात. तेव्हा ‘एक दोन तीन चार पाच’ मोजू नका. ‘एक दोन तीन, एक दोन’ मोजा. शब्द बदलला की हात सुधारतो.


जुनी तबकडी:

मोरेलोच्या आयुष्याबद्दल थोडं.

जन्म १७ जुलै १९२८, स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स. नजर जन्मापासूनच अधू. त्यामुळे मैदानी खेळ जवळजवळ नाहीतच. सहाव्या वर्षी हातात व्हायोलिन आलं, आणि नवव्या वर्षी बॉस्टन सिंफनीबरोबर मेंडेल्सनच्या व्हायोलिन कॉन्चेर्तोत एकल वादन. पंधराव्या वर्षी थोर व्हायोलिनवादक याशा हायफेट्झची भेट झाली. तो आवाज आपल्याकडून कधी निघणार नाही, असं ठरवून पोराने व्हायोलिन ठेवून दिलं आणि ड्रम घेतले. मोरेलोच्या वादनात वजनाच्या ज्या असंख्य पायऱ्या आहेत, कुजबुजण्यापासून गडगडाटापर्यंत, त्यांचं मूळ या व्हायोलिनच्या वर्षांत आहे असं माझं मत. गज धरलेला हात दाब मोजायला शिकतो.

ड्रमचे पहिले शिक्षक जो सेफचिक. पुढे बॉस्टनचे जॉर्ज लॉरेन्स स्टोन, ज्यांचं १९३५चं ‘स्टिक कंट्रोल’ आजही जगभर ड्रमरच्या पॅडशेजारी सापडतं. त्यात उजव्या-डाव्या हाताचे नुसते क्रम आहेत, वजन कुठे द्यायचं याच्या खुणा नाहीत. मोरेलोने स्वतःहून त्यांत वेगवेगळ्या जागी जोर घालून वाजवायला सुरुवात केली. स्टोनसाहेबांना ते आवडलं, आणि त्यातूनच पुढे १९६१चं ‘अ‍ॅक्सेंट्स अँड रीबाउंड्स’ तयार झालं. शिष्याच्या खोडीतून गुरूचा ग्रंथ! न्यूयॉर्कला गेल्यावर तो रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या बिली ग्लॅडस्टोनकडे शिकला. बोटांनी काडी खेळवायची कला तिथली.

न्यूयॉर्कला १९५२ साली. थोडे दिवस बँडप्रमुख स्टॅन केंटन, गिटारवादक जॉनी स्मिथ, मग १९५३ पासून पियानोवादक मॅरियन मॅकपार्टलंडच्या त्रयीत, ५२व्या रस्त्यावरच्या हिकरी हाउसमध्ये. पियानोच्या त्रयीत ड्रमरला ब्रशवर (काडीऐवजी तारांचा हलका झुपका) जगावं लागतं, आणि तिथेच न्यूयॉर्कच्या वादकांनी त्याला हेरलं. १९५६ मध्ये बेनी गुडमन आणि टॉमी डॉर्सी, दोन्ही नामांकित बँडप्रमुखांकडून बोलावणं होतं. ते सोडून त्याने ब्रुबेकबरोबर दोन महिन्यांचा हंगामी दौरा घेतला. ते दोन महिने थेट १९६७ पर्यंत चालले.

सुरुवात गोड नव्हती. सॅक्सोफोनवाल्या पॉल डेस्मंडला मागे शांत ब्रश वाजवणारा ड्रमर हवा होता. शिकागोच्या ब्लू नोटमध्ये पहिल्याच खेपेला मोरेलोच्या सोलोवर लोक उठून उभे राहिले आणि डेस्मंड तडक मंचावरून निघून गेला. हा राहील किंवा मी, इथवर गोष्ट आली. ब्रुबेकने मोरेलोला काढलं नाही, डेस्मंडही गेला नाही. याच डेस्मंडने तीन वर्षांनी मोरेलोच्या सोलोला चौकट म्हणून जी रचना केली, ती ‘टेक फाइव्ह’. मंचामागे मोरेलो पाच मात्रांत हात गरम करत बसायचा, त्यावरून सुचलेली.

ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कला, कोलंबियाच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत. २५ जून १९५९ ला बरेच प्रयत्न फसले. नीट बसलं ते १ जुलैला. २५ जूनला स्टुडिओतले अव्वल वादकही घसरत होते. धागाकर्त्याने मनाला फार लावून घेऊ नये.

क्वार्टेटचा शेवटचा कार्यक्रम २६ डिसेंबर १९६७, पिट्सबर्ग. नंतर मोरेलोने शिकवण्याला वाहून घेतलं. लडविग या ड्रम बनवणाऱ्या कंपनीच्या वतीने ठिकठिकाणी प्रात्यक्षिकं तर तो आधीपासूनच द्यायचा. १९७६ मध्ये उरलीसुरली नजरही गेली. ‘मास्टर स्टडीज’ हे त्याचं सरावाचं पुस्तक त्यानंतरचं, १९८३चं. डॅनी गॉटलिब (पॅट मेथिनी ग्रुप) आणि मॅक्स वाइनबर्ग (ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ई स्ट्रीट बँड) हे त्याचे विद्यार्थी. मृत्यू १२ मार्च २०११, न्यू जर्सीतल्या अर्विंग्टनला, राहत्या घरी.


खालीभरी:

भारताचा भाग राहिला. हो, आला होता. १९५८ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ब्रुबेक क्वार्टेटला पोलंडपासून तुर्कस्तान, भारत, सिलोन, पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, इराकपर्यंत फिरवलं. शीतयुद्धाचं राजकारण, खर्च सरकारचा. मुंबईत सतारिये उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर ब्रुबेकची बैठक झाली. मद्रासला पळनी सुब्रमणिया पिळ्ळै यांच्या मृदंगाशी गाठ पडली. पिळ्ळै डावखुरे होते. मृदंगाची बाजू बदलून वाजवणारा हा माणूस पाहून ड्रमरला काय वाटलं असेल, याची कल्पनाच करावी.

या दौऱ्यानंतर आलेल्या ‘जॅझ इंप्रेशन्स ऑफ युरेशिया’ या अल्बमवर ‘कॅलकटा ब्लूज’ आहे. त्यात मोरेलो काड्या बाजूला ठेवून हातांनी वाजवतो. तबलजीने पहिल्यांदा हेच ऐकावं. आपला तबला किंवा मृदंग त्यात शोधू नका. बोटांचे बोल नाहीत, शाई नाही, त्यामुळे ‘ना’ आणि ‘तिं’ निघणारच नाहीत. कातड्याच्या कडेला आणि मध्याला आवाज कसा बदलतो, एवढ्यावरच तो सारं उभं करतो.

‘ब्लू राँडो आ ला टर्क’चा नऊचा हिशेब याच दौऱ्यातला. इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून ब्रुबेकने तो उचलला: २+२+२+३ असे तीन बार, आणि चौथा बार ३+३+३. एकल वादन आलं की चार मात्रांचा सरळ ब्लूज.

पाच-सात-नऊच्या वेडाचं सगळं श्रेय ब्रुबेकला देऊन टाकू नका, एवढं जाता जाता. ड्रमर मॅक्स रोचने १९५७ मध्येच संपूर्ण अल्बम पाऊण ठेक्यात, म्हणजे तीन मात्रांत काढला होता.


पाटावरचा डग्गा (धागाकर्ता):

फार फार आभार. टाळीचा उपाय लागू पडला. चौथ्या मात्रेचा बदल आता ऐकू येतो आणि सम जागेवर आली. राईड आणि बास ९६ ला टिकतात.

पण हाय-हॅट जोडला की घोळ. पाय सवयीने २ आणि ४ वर पडतो, आणि पुढच्या बारमध्ये तो १ वर येतो. पाय सुधारायला जावं तर हात थांबतो. हा पाय बांधून ठेवायचा कसा?


राईडवाला:

बांधू नका, पळू द्या. मात्र जाणूनबुजून.

तुमचा पाय एक सोडून एक मात्रेवर पडतोय. पहिल्या बारमध्ये २, ४ आणि दुसऱ्यात १, ३, ५. दोन बार मिळून दहा मात्रा, पाय पाचदा, तिसऱ्या बारला पुन्हा २ वर. तो चुकत नाहीये, तो स्वतःचं दहाचं आवर्तन घेतोय. आधुनिक ड्रमर हे मुद्दाम वाजवतात. फक्त ते अपघाताने घडता कामा नये.


खालीभरी:

म्हणजे पायात सूलताल आणि हातात ३+२! २+२+२+२+२ असे पाच विभाग. डग्गासाहेब, तुम्हाला हे जड जाऊ नये. पायाला दोनाचे विभाग द्या आणि प्रत्येक विभागाच्या दुसऱ्या मात्रेवर हाय-हॅट मिटवा. तोंडाने मात्र ‘एक दोन तीन, एक दोन’च चालू ठेवा. तोंड पायाच्या मागे गेलं की संपलं.


राईडवाला:

अगदी. आणि साधा २-५ चा पाय बसवायचा असेल तर हात काढून टाका. खुर्चीत बसून फक्त दोन पाय: उजवा १ वर, डावा २ वर, ३ रिकामी, उजवा ४ वर, डावा ५ वर. ‘उजवा-डावा-थांब, उजवा-डावा’. घोळाचं मूळ तिसऱ्या मात्रेत आहे. ती रिकामी राहते म्हणून पायाला काहीतरी करावंसं वाटतं. त्या मात्रेला टाच जमिनीला टेकवा, आवाज न करता. पायाला काम मिळालं की तो उडी मारत नाही.

सात मात्रांकडे गेलात तर हीच गंमत उलटी दिसेल. ब्रुबेकच्याच ‘अनस्क्वेअर डान्स’ (१९६१) मध्ये बास (ड्रम नव्हे, तारांचं वाद्य) १, ३, ५ वर आणि टाळ्या २, ४, ६, ७ वर आहेत, म्हणजे २+२+३. आपला रूपक ३+२+२. झपतालाने फसवलं तसंच रूपक फसवेल, आधीच सांगून ठेवतो.


रबरी पॅड:

पॅडच्या सरावाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून.

मोरेलोच्या हाताचं मर्म एकाच गोष्टीत आहे, काडी परत येऊ देणं. त्याने आणि स्टोन यांनी ज्याला मोकळा आघात मानलं त्याची कृती अशी: काडीचं टोक पॅडपासून २५-३० सेंटिमीटर वर. तिथून खाली फेकायची, ढकलायची नाही. रबराने उसळवली की ती जिथून निघाली त्याच उंचीवर आपणहून परत आली पाहिजे. हाताने वर उचललीत तर ती उसळी नाही. खाली अडकली तर पकड घट्ट आहे.

उजव्या हाताचे ८ आघात, डाव्याचे ८, मेट्रोनोम ६० वर, मात्रेला एक. पाच मिनिटं. मग मात्रेला दोन. उंची कमी करून वेग मिळवायचा मोह होतो, तो टाळा. उंची तीच, वेग हळूहळू. १०० च्या पुढे मात्रेला दोन जाताना मनगट अपुरं पडायला लागेल. तेव्हा मधलं बोट, अनामिका आणि करंगळी काडीला मागून हलकेच हात देतात. हीच ग्लॅडस्टोनची बोटं. तबलजीची चूक इथे ठरलेली आहे: तर्जनीने काडी दाबून धरणं. ‘ना’ आणि ‘तिट’ची तर्जनी ताकदवान असते, ती काडीवरही हुकूम चालवते आणि मागची तिन्ही बोटं हवेत सुटतात. ओळखायची खूण म्हणजे पॅडचा आवाज बारीक आणि गळा आवळल्यासारखा येतो. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात फोड आला तर दाब जास्त आहे. कोपराखाली जळजळ झाली तर लगेच थांबा. ती सहन करून ताकद वाढत नाही, दुखणं वाढतं.

काडी कुठे धरायची? मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर. एकदा दोन बोटांत सैल धरून पॅडवर टाका आणि उसळ्या मोजा. जिथे धरल्यावर सर्वाधिक उसळ्या मिळतात, ती तुमच्या काडीची जागा.

यानंतर जोर हलवणं. उजवा-डावा-उजवा-डावा असे सोळा आघात. पहिल्या फेरीत दर चौकडीच्या पहिल्यावर जोर, मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर. जोराचा आघात ३० सेंटिमीटरवरून, बाकीचे तीन-चार सेंटिमीटरवरून. जोरानंतर काडी खालीच थांबवायला हवी, आणि पुढचा जोर येण्याआधीच्या हलक्या आघातानंतर ती वर न्यायला हवी. सगळी मेख या ‘आधी वर नेण्यात’ आहे. आयत्या वेळी वर नेलीत तर जोराचा आघात उशिरा पडतो, आणि तोच उशीर सेटवर लय ओढल्यासारखा ऐकू येतो.

तबलजींसाठी खास: तोंडाने तिहाई धरा. तीन मात्रांचा तुकडा, एक मात्रा रिकामी, असं तीनदा. पहिल्या मात्रेपासून सुरू केलंत तर ३+१+३+१+३ मिळून ११, म्हणजे शेवटचा आघात दोन बार संपून तिसऱ्याच्या समेवर. पॅडवर उजव्या-डाव्याने वाजवा आणि पाय १-४ वर चालू ठेवा. सोलोत टाकायला पहिलं वाक्य तयार. फक्त प्रत्येक सोलो तिहाईनेच संपवू नका, मैफिलीचा वास येतो.


जुनी तबकडी:

सेटच्या सुरांबद्दल थोडक्यात. ब्रुबेकच्या काळातला मोरेलोचा ओळखीचा सेट म्हणजे लडविगचा चंदेरी चमकीचा: बास २२ इंची, टॉम १३, फ्लोअर टॉम १६, धातूचा १४ इंची स्नेअर. त्याच्या पिढीतले बरेच जॅझवाले छोट्या बासकडे वळत असताना हा बावीस इंची. त्याचा आवाज गोल आणि लांब आहे, कारण दोन्ही बाजूंचं कातडं शाबूत आहे आणि आत उशी कोंबलेली नाही. तुमच्या बासमध्ये उशी असेल तर काढा. नुसतीच घुमायला लागली तर आघाताच्या कातड्याच्या आतून, मध्यापासून थोडं बाजूला, चार बोटं रुंदीची नमद्याची एक पट्टी ताणून बसवा. पुरते.

खुंट्या आवळताना समोरासमोरची जोडी घ्या, घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरू नका. आधी सगळ्या बोटांनी जेमतेम घट्ट, मग चावीने अर्धा अर्धा आटा, मग पाव. प्रत्येक खुंटीपाशी कडेपासून तीन-चार सेंटिमीटरवर टिचकी मारून स्वर जुळवा. तबल्याच्या घरांसारखंच, फक्त हातोडीऐवजी चावी. एक घर उतरलेलं राहिलं की टॉम ‘बोंवऽ’ करून वाकडा बोलतो आणि आपण दोष कातड्याला देतो. टॉमचं खालचं कातडं वरच्यापेक्षा किंचित चढं ठेवा.


पाटावरचा डग्गा (धागाकर्ता):

उशी काढली, शेजाऱ्यांनी अजून तरी दार वाजवलेलं नाही. एक शेवटचं: मोरेलोच्या काही सोलोंत टॉममधून हंबरल्यासारखा, वर सरकत जाणारा आवाज येतो. डग्ग्याच्या घिश्शासारखा. तो काडीने निघतो का?


खालीभरी:

ओल्या बोटाने. बोटाचं टोक जिभेला लावून फ्लोअर टॉमच्या कातड्यावर दाबत पुढे सरकवायचं. बोट कातड्याला चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं, आणि त्या थरथरीतून तो हंबरडा येतो. डग्ग्यावर मनगट दाबून आपण ताण वाढवतो म्हणून स्वर चढतो. इथेही दाब वाढवलात तर स्वर थोडा सरकतो, पण डग्ग्याइतका नाही. एवढ्या मोठ्या कातड्याला एका बोटाचा ताण कितीसा पडणार?

खरबरीत पांढरा लेप असलेलं कातडंच लागेल. पारदर्शक गुळगुळीत प्लास्टिकवर बोट नुसतं घसरतं. बोट उभं न धरता तिरकं धरा, नख लागू देऊ नका. फार ओलं झालं तर घसरेल, कोरडं असेल तर अडखळेल. आधी आणि नंतर त्याच टॉमवर काडीचा एक हलका आघात द्या, म्हणजे कातडं बोलतं राहतं आणि घिस्सा त्या गुंजेवर चढतो.


रबरी पॅड:

पावसाळ्यात बोट ओलं करायचीही गरज नाही. मुंबईच्या हवेत ते तसंच चिकटतं.